मोबाइलवरच्या जाहिराती आणि पाळत: मूळ कुठे आहे आणि कुठे तोडायचं

प्रश्न असा आहे: आईवडिलांच्या अँड्रॉइड फोनवर मध्येच स्क्रीनभर जाहिरात उघडते. घरात एखाद्या वस्तूबद्दल बोलणं झालं की तिचीच जाहिरात दिसू लागते. दिवसभर कर्जाचे, प्लॉटचे, शेअरच्या टिप्सचे फोन येतात. एखादं अ‍ॅप टाकून हे सगळं थांबेल का?

एका अ‍ॅपने थांबणार नाही, कारण या तीन तक्रारींची मुळं तीन ठिकाणी आहेत. पहिलीचं मूळ फोनमधल्याच एखाद्या अ‍ॅपमध्ये असतं, दुसरीचं जाहिरातींच्या लिलावात आणि तिसरीचं तुमच्या मोबाइल नंबरमध्ये. जाहिरात नजरेआड करणं सोपं आहे, आपली माहिती बाहेर जाऊ न देणं अवघड. बहुतेक लोक पहिलं काम झालं की थांबतात, आणि खरं नुकसान तर दुसऱ्यात आहे.

शिवाय हा फक्त त्रासाचा विषय नाही. बँकेचा कस्टमर केअर नंबर शोधताना सगळ्यात वर दिसणारा निकाल अनेकदा पैसे देऊन लावलेली जाहिरात असतो, आणि ठग तिथेच खोटे नंबर लावतात. अमेरिकेच्या एफबीआयने डिसेंबर २०२२ मध्ये याच कारणाने नागरिकांना शोध घेताना जाहिरात रोखणारं एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडायचं छोटं साधन) वापरा असा जाहीर सल्ला दिला होता. ज्येष्ठांच्या फोनवर तर हे काम आधी करावं.

सुरुवात स्क्रीनभर उघडणाऱ्या जाहिरातीपासून. काहीही चालू नसताना जाहिरात येत असेल, तर ती बहुधा 'इतर अ‍ॅप्सवर दिसण्याची' परवानगी मिळवलेल्या अ‍ॅपकडून येते. टॉर्च, फोन साफ करणारं अ‍ॅप, क्यूआर स्कॅनर, वॉलपेपर, आरतीसंग्रह, पंचांग, फुकट कीबोर्ड हे नेहमीचे संशयित. जाहिरात समोर असतानाच रीसेंट अ‍ॅप्सचं बटण दाबा. ज्या कार्डावर ती दिसते त्याच्या वरचं चिन्ह आणि नाव पाहा. चिन्ह कोरं असेल तर लगेच सेटिंग्जमध्ये अ‍ॅप्स उघडा. बऱ्याच फोनवर नुकतीच उघडलेली अ‍ॅप्स सगळ्यात वर दिसतात आणि गुन्हेगार तिथे सापडतो. तरीही सापडलं नाही, तर पॉवर मेनूमधलं 'पॉवर ऑफ' दाबून धरा आणि सेफ मोडमध्ये फोन चालू करा (काही कंपन्यांच्या फोनवर याची पद्धत वेगळी असते). तिथे बाहेरून टाकलेली अ‍ॅप्स बंद राहतात. जाहिरात थांबली तर दोष अशाच एखाद्या अ‍ॅपचा आहे हे पक्कं झालं. मग अलीकडे टाकलेली एकेक काढत जा. 'अनइन्स्टॉल'चं बटण दाबलं जात नसेल, तर त्या अ‍ॅपने डिव्हाइस अ‍ॅडमिनचा अधिकार घेतलेला असतो. सेटिंग्जच्या शोधात 'डिव्हाइस अ‍ॅडमिन' लिहून तो आधी काढून घ्या.

त्यानंतर अ‍ॅप्समधलं 'स्पेशल अ‍ॅक्सेस' उघडून 'डिस्प्ले ओव्हर अदर अ‍ॅप्स'ची यादी पाहा. कॉलर ओळखणारं अ‍ॅप, नकाशा अशा मोजक्या अ‍ॅप्सशिवाय तिथे कोणाचं काम नाही. 'अ‍ॅक्सेसिबिलिटी'ची यादी त्याहून महत्त्वाची, कारण ती परवानगी मिळालेलं अ‍ॅप स्क्रीनवरचा मजकूर वाचू शकतं आणि तुमच्या वतीने बटणंही दाबू शकतं.

कीबोर्डबद्दल वेगळं सांगायला हवं. मराठी टाइप करण्यासाठी अनोळखी कंपनीचा कीबोर्ड टाकणं म्हणजे टाइप केलेलं प्रत्येक अक्षर त्याच्या हातून जाऊ देणं. जीबोर्डमध्ये मराठी आहे, सॅमसंगच्या कीबोर्डमध्येही आहे. तिसऱ्याची गरज नाही. सातबारा दाखवणाऱ्या खासगी अ‍ॅप्सचंही तसंच: त्यातली अनेक अ‍ॅप्स महाभूलेखाचंच पान आतल्या खिडकीत उघडतात आणि भोवती जाहिराती लावतात. ब्राउझरमध्ये महाभूलेख थेट उघडा.

एखादं अ‍ॅप नाही तर फोनच जाहिराती दाखवतो, असंही असतं. शाओमी, रेडमी, पोकोच्या अनेक फोनवर एमएसए नावाची सेवा हे काम करते. सेटिंग्ज, पासवर्ड्स अँड सिक्युरिटी, ऑथोरायझेशन अँड रिव्होकेशन या वाटेने जाऊन एमएसए बंद करा. दहा सेकंद थांबावं लागतं आणि पहिल्या खेपेला 'रद्द करता आलं नाही' असा संदेश येऊ शकतो, पुन्हा करा. याला इंटरनेट चालू लागतं, कारण कंपनीच्या सर्व्हरचा होकार घ्यावा लागतो. म्हणून हे पुढच्या डीएनएसच्या कामाआधीच उरका. लॉक स्क्रीनवर बातम्या आणि चित्रं फिरवणारं ग्लान्स लॉक स्क्रीनच्या सेटिंगमधून बंद होतं. इतर कंपन्यांच्या फोनवर सेटिंग्जच्या शोधात 'रेकमेंडेशन', 'पर्सनलाइज्ड' आणि 'अ‍ॅड' हे तीन शब्द इंग्रजीत टाकून जे सापडेल ते बंद करा. मोठ्या अपडेटनंतर यातलं काही परत चालू झालेलं असतं, तेव्हा पुन्हा एकदा पाहून घ्या.

'तुमच्या फोनमध्ये ७ व्हायरस आहेत' छापाचे इशारे वरच्या पट्टीत येत असतील, तर तो व्हायरस नसतो. कधीतरी एखाद्या साइटने विचारलं आणि 'अलाव' दाबलं गेलं, एवढंच. क्रोमच्या साइट सेटिंग्जमध्ये नोटिफिकेशन्स उघडून अनोळखी साइट्स ब्लॉक करा आणि 'विचारण्याची' सोयही बंद करा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि ज्येष्ठांच्या फोनवर याचाच फरक सगळ्यात जास्त जाणवतो.

आता दुसरं मूळ. एखादं पान किंवा गेम उघडताक्षणी जाहिरातीच्या रिकाम्या चौकटीचा लिलाव होतो. तुमचा आयपी पत्ता, फोनचं मॉडेल, ढोबळ ठिकाण, काय वाचत आहात आणि फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक असा तपशील एकाच वेळी अनेक बोली लावणाऱ्यांकडे जातो आणि सेकंदाच्या साधारण दहाव्या भागात निकाल लागतो. यातली लक्षात ठेवायची गोष्ट ही की बोली हरलेल्यांच्या हातीही तो तपशील आलेला असतो. म्हणून दिसलेल्या जाहिरातीवरची फुली दाबून काही साधत नाही. मुळात ती मागणी फोनबाहेर पडताच कामा नये, आणि चांगली साधनं नेमकं तिथेच अडवतात.

त्यातलं सगळ्यात कमी कष्टाचं साधन प्रायव्हेट डीएनएस. अँड्रॉइड ९ पासून ते फोनमध्येच आहे. साइटच्या नावावरून तिचा आकड्यांतला पत्ता सांगणारी सेवा म्हणजे डीएनएस. जाहिरातवाल्यांच्या नावांना जी उत्तरच देत नाही अशी सेवा निवडायची. साध्या अँड्रॉइडवर नेटवर्क अँड इंटरनेटमध्ये, सॅमसंगवर कनेक्शन्समधल्या 'मोअर कनेक्शन सेटिंग्ज'मध्ये, रेडमी, रियलमी, ओप्पोवर 'कनेक्शन अँड शेअरिंग'मध्ये ही सोय असते. तिसरा, होस्टनेम लिहिण्याचा पर्याय निवडा आणि इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता लिहा: डीएनएस, टिंब, अ‍ॅडगार्ड, आडवी रेघ, डीएनएस, टिंब, कॉम. सेव्ह करा. खाती काढायला नकोत, पैसे नकोत, बॅटरीवरही जाणवण्याजोगा भार नाही.

इथे चुका ठरलेल्या असतात. सुरुवातीला 'एचटीटीपीएस' लावलं की सेव्हचं बटण दबत नाही. आकड्यांतला आयपी पत्ता इथे चालत नाही. क्रोमच्या 'यूज सिक्युअर डीएनएस'मध्ये वेगळी सेवा निवडलेली असेल तर क्रोम या गाळणीला वळसा घालतं. तिथे सध्याच्या पुरवठादाराचा पर्याय ठेवा. रेल्वे स्थानक, हॉटेल किंवा कॉलेजच्या वाय-फायवर लॉगिनचं पान उघडत नाही, किंवा तिथे ८५३ क्रमांकाचं पोर्ट बंद असल्याने 'इंटरनेट नाही' असं दिसतं. अशा वेळी तात्पुरतं 'ऑटोमॅटिक' करा आणि बाहेर पडल्यावर परत लावा. गूगलवरच्या 'स्पॉन्सर्ड' निकालावर बोट ठेवलं तर पान उघडत नाही. तो बिघाड नाही, त्या दुव्याची वाटच जाहिरातीच्या सर्व्हरवरून जाते. खालचा साधा निकाल उघडा. कॅशबॅक देणाऱ्या अ‍ॅप्सचे दुवे याच कारणाने तुटतात. ज्यांच्या हातात फोन देणार आहात त्यांना हे सगळं आधी सांगून ठेवा, नाहीतर 'नेट बिघडलं' म्हणून आठवड्याभरात कोणीतरी सेटिंग काढून टाकेल.

एक व्यवहार मात्र उघड्या डोळ्यांनी करावा: तुम्ही कोणत्या साइट्स मागता हे आता तुमच्या मोबाइल कंपनीच्या डीएनएसऐवजी या सेवेला कळतं. काय अडवायचं ते स्वतः ठरवायचं असेल तर नेक्स्टडीएनएस घ्या. खातं उघडावं लागतं, महिन्याला ३ लाख विचारणा फुकट असतात. त्या संपल्या की सेवा चालू राहते पण अडवणं थांबतं. एका कुटुंबाला बहुधा तेवढ्या पुरतात, टीव्ही सतत चालू असेल तर कमी पडू शकतात.

यूट्यूबच्या जाहिराती डीएनएसने जाणार नाहीत. व्हिडिओ आणि जाहिरात एकाच सर्व्हरवरून येतात, नावावरून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. फेसबुक आणि इन्स्टाग्रामच्या फीडमधल्या जाहिरातींचंही तेच. 'जाहिरातमुक्त यूट्यूब'च्या एपीके फाइल्स (प्ले स्टोअरबाहेरून अ‍ॅप टाकण्याच्या फाइल्स) टेलिग्रामवरून घेऊ नका. बदललेल्या अ‍ॅपमध्ये गूगल खात्याचं लॉगिन टाकणं हा जाहिरातीपेक्षा फार मोठा धोका आहे. पैसे भरून प्रीमियम घ्या, नाहीतर पुढे सांगितलेल्या ब्राउझरमध्ये पाहा.

प्ले स्टोअरवरची 'अ‍ॅड ब्लॉकर' अ‍ॅप्सही टाळा. त्यातली बरीचशी फोनमध्ये व्हीपीएन उभारून सगळी रहदारी स्वतःतून नेतात. अँड्रॉइडवर एका वेळी एकच व्हीपीएन चालतं, आणि काही बँकांची अ‍ॅप्स ते दिसलं की उघडायला नकार देतात. प्रायव्हेट डीएनएसमुळे ही अडचण येत नाही.

आयफोनवर अशी लिहायची जागा नाही. अ‍ॅडगार्डच्या साइटवरून कॉन्फिगरेशन प्रोफाइल उतरवून जनरलमधल्या 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट'मध्ये ते बसवावं लागतं. स्मार्ट टीव्हीवर नेटवर्क सेटिंगमध्ये हाताने डीएनएस लिहा: ९४.१४०.१४.१४ आणि ९४.१४०.१५.१५. टीव्हीत आणखी एक गोष्ट शोधून बंद करा. काय पाहिलं जातंय ते पडद्यावरून ओळखण्याची सोय सॅमसंगवर 'व्ह्यूइंग इन्फर्मेशन सर्व्हिसेस' आणि एलजीवर 'लाइव्ह प्लस' नावाने असते.

ब्राउझरमध्ये यूब्लॉक ओरिजिनला तोड नाही. ते रेमंड हिल यांनी लिहिलेलं, फुकट आणि उघड्या कोडचं आहे. सारख्या नावाची नक्कल टाकू नका. अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालतच नाहीत, म्हणून फायरफॉक्स घ्या. त्याच्या मेनूत एक्स्टेन्शन्समध्ये ते मिळतं. संगणकावरच्या क्रोमने २०२५ मध्ये जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स बंद केली, त्यामुळे तिथे आता फक्त यूब्लॉक ओरिजिन लाइट चालतं. लाइट बरं आहे, पण आखून दिलेल्या नियमांच्या मर्यादेत. फायरफॉक्सवरचं पूर्ण यूब्लॉक आणखी एक गोष्ट पकडतं: काही साइट्स पाळत ठेवणाऱ्या कंपनीचा सर्व्हर स्वतःच्या उपनावाखाली लपवतात, आणि यूब्लॉक त्या नावामागचं खरं नाव तपासतं.

बसवल्यावर दोन बदल करा. डॅशबोर्डच्या फिल्टर लिस्ट्समध्ये 'रीजन्स, लँग्वेजेस'खाली इंडियनलिस्ट आहे, ती चालू करा; तीत मराठी साइट्सचेही नियम आहेत. आणि 'अ‍ॅनॉयन्सेस'मधली कुकीच्या (साइट ब्राउझरमध्ये ठेवते त्या ओळखीच्या नोंदीच्या) सूचना हटवणारी यादी घ्या. याहून जास्त याद्या खुणावत बसलात तर साइट्स मोडतात आणि फायदा वाढत नाही. एखाद्या सरकारी किंवा बँकेच्या पानावर बटण चालेना, तर यूब्लॉकचं मोठं पॉवर बटण दाबून पान पुन्हा लोड करा. ते फक्त त्याच साइटपुरतं बंद होतं.

हेच बटण दुसऱ्या कारणासाठीही वापरावं असं माझं मत आहे. रोज वाचता त्या मराठी वृत्तपत्राची वर्गणी भरा, आणि ते जमत नसेल तर तिथे जाहिराती दिसू द्या. मराठीतली बातमीदारी आधीच कमी पैशात चालते.

आता 'फोन ऐकतो का?' हा प्रश्न. अँड्रॉइड १२ पासून माइक चालू झाला की वर हिरवं चिन्ह दिसतं, आयफोनवर नारिंगी ठिपका. आणि अँड्रॉइडच्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये गेल्या २४ तासांत कोणी माइक वापरला ते कळतं. ते जरूर तपासा. पण 'बोललो आणि दिसलं' याला ऐकण्याची गरज लागत नाही. घरातले सगळे एकाच वाय-फायवर, म्हणजे बाहेरून एकाच आयपी पत्त्यावर असतात. मुलीने मिक्सर शोधला की आईला मिक्सर दिसतो, आणि मधे जेवताना त्यावर बोलणं झालेलं असतं.

आणि मग नंबर. फोनचा जाहिरात-ओळखक्रमांक पुसता येतो, कुकी पुसता येतात. दहा आकडी मोबाइल नंबर वर्षानुवर्षं तोच राहतो. तो बँकेत, औषधाच्या दुकानात, मॉलच्या बिलावर, सोसायटीच्या गेटवर सगळीकडे दिलेला असतो. दुकानदार ग्राहकांच्या नंबरांची यादी फेसबुक किंवा गूगलवर चढवतो, ते आपल्या खातेदारांशी जुळवतात, आणि दुकानात घेतलेल्या वस्तूच्या जाहिराती फोनवर येतात. नंबर 'हॅश' करून, म्हणजे गुंतागुंतीच्या खुणेत बदलून पाठवतात म्हणून माहिती सुरक्षित आहे, असं सांगितलं जातं. पण ६ ते ९ ने सुरू होणारे दहा आकडी नंबर जास्तीत जास्त ४०० कोटी होतात. त्या सगळ्यांच्या खुणा आधीच काढून ठेवणं साध्या संगणकालाही जड नाही. शिवाय जुळवण्यासाठी ती खूण उलगडावीही लागत नाही.

म्हणून माझ्या मते सगळ्यात फायद्याची सवय म्हणजे बिलाच्या काउंटरवर नंबर न देणं. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने मे २०२३ मध्येच किरकोळ विक्रेत्यांना सूचना दिली आहे की नंबर दिला नाही म्हणून सेवा नाकारता येणार नाही. 'नंबर नको, कागदी बिल द्या' एवढं शांतपणे म्हणा. 'सिस्टिम पुढे जात नाही' असं उत्तर मिळालं तर मॅनेजरला बोलवा. अडलंच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. यूपीआय आयडीमध्ये नंबरच असेल तर अ‍ॅपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करा आणि अनोळखी लोकांना तो द्या. ईमेलसाठी जीमेलमध्ये नावापुढे अधिकचं चिन्ह आणि दुकानाचं नाव लावता येतं. पत्र तुम्हालाच येतं आणि पत्ता कोणी फोडला ते कळतं. फक्त काही फॉर्म अधिकचं चिन्ह घेत नाहीत, आणि चतुर कंपन्या ते छाटून टाकतात.

नंबर आधीच सगळीकडे गेला असेल तर जोडण्या तोडा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये गूगलखाली किंवा प्रायव्हसीखाली 'अ‍ॅड्स' असतं, तिथे 'डिलीट अ‍ॅडव्हर्टायझिंग आयडी' करा. त्यानंतर अ‍ॅप्सना फक्त शून्यांची माळ मिळते. 'रीसेट' करू नका, त्याने नवा क्रमांक तयार होतो. आयफोनवर ट्रॅकिंगमधलं 'अलाव अ‍ॅप्स टू रिक्वेस्ट टू ट्रॅक' बंद करा. गूगलच्या माय अ‍ॅड सेंटरमध्ये वैयक्तिक जाहिराती बंद होतात, पण नोंदी ठेवणं चालूच राहतं. त्यासाठी 'वेब अँड अ‍ॅप अ‍ॅक्टिव्हिटी' वेगळी थांबवावी लागते, किंवा निदान ३ महिन्यांनी आपोआप पुसायला लावावी. मेटाच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युअर अ‍ॅक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' उघडलंत तर कोणकोणत्या दुकानांनी आणि अ‍ॅप्सनी तुमची माहिती पाठवली त्याची यादीच दिसते. ती पुसा आणि पुढची जोडणीही तोडा. त्याच वेळी फेसबुक, इन्स्टाग्राममधलं संपर्कयादी चढवणं बंद करा, कारण ती यादी तुमच्या नातेवाइकांच्या नंबरांची असते आणि त्यांना कोणी विचारलेलं नसतं.

कर्जाच्या अ‍ॅप्सबाबत नियम स्पष्ट आहे. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जविषयक सूचनांनुसार अशा अ‍ॅपने संपर्कयादी, कॉलची नोंद आणि फोनमधल्या फाइल्स यांना हात लावायचा नाही. मागत असेल तर ते अ‍ॅप काढून टाका.

फोन आणि एसएमएससाठी १९०९ वर इंग्रजीत 'स्टार्ट ०' पाठवा, किंवा ट्राय या दूरसंचार नियामकाचं डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब) अ‍ॅप वापरा. '०' म्हणजे सगळे प्रकार बंद. यातून बँकेचे ओटीपी थांबतील अशी भीती अनेकांना असते, पण ते थांबत नाहीत. तरीही संदेश येत राहतात याचं कारण बहुधा संमती असतं: खातं उघडताना किंवा अ‍ॅप टाकताना खूण केलेली चौकट डीएनडीच्या वर चालते. त्या कंपनीच्या अ‍ॅपमध्ये जाऊन मार्केटिंगची संमती काढून घ्या. संदेश कोणत्या जातीचा आहे ते पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटच्या इंग्रजी अक्षरावरून २०२५ पासून ओळखता येतं: पी म्हणजे प्रचाराचा, एस सेवेचा, टी व्यवहाराचा, जी सरकारी. शेवटी एस असूनही आत कर्जाची ऑफर असेल, तर तो नियमभंग आहे.

कायद्याचा हात अजून पूर्ण पोहोचलेला नाही. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधनं त्यानंतर १८ महिन्यांनी लागू व्हायची आहेत. संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे आणि १८ वर्षांखालील मुलांवर लक्ष ठेवून त्यांना नेमक्या जाहिराती दाखवायच्या नाहीत, या त्यातल्या मोलाच्या तरतुदी. तोवर मुलांच्या फोनवर वर सांगितलेला डीएनएस आणि ओळखक्रमांक पुसणं एवढं तरी कराच.

दहा आकडी साध्या नंबरावरून प्रचाराचा फोन आला तर नुसता ब्लॉक करू नका, तक्रार करा. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर तक्रारीची मुदत ३ ऐवजी ७ दिवस झाली आहे, अशा नोंदणी नसलेल्या नंबरांविरुद्ध तक्रारीसाठी डीएनडीत नाव असण्याचीही अट राहिलेली नाही, आणि १० दिवसांत ५ तक्रारी झाल्या की त्या नंबरावर कारवाई सुरू होते. तक्रारीत नंबर, तारीख आणि बोलण्याचा थोडक्यात आशय लिहा; डीएनडी अ‍ॅपमध्ये कॉलच्या यादीतून नंबर थेट उचलता येतो.